तेलातले मेण आणि विद्रावकांची चाळणी

हैदराबादची थंडी ती काय, असे उत्तरेकडून आलेले पाहुणे नेहमी म्हणतात. पण पौषातल्या एखाद्या सकाळी पारा बारा-तेरा अंशांवर उतरला की न्हाणीघराच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली मात्र त्यांच्याशी सहमत होत नाही. रात्री पातळ असलेले तेल सकाळी पांढरे, घट्ट होऊन बसते. बाटली उलटी करा, हलवा, तळहातावर आपटा, थेंब पडत नाही. मग घरातली वडीलधारी मंडळी ती बाटली गरम पाण्याच्या तपेलीत ठेवतात आणि पाचच मिनिटांत तेल पुन्हा पूर्ववत वाहू लागते. तेल बिघडलेले नसते, ते फक्त थिजलेले असते.

आता अशी कल्पना करा की ही बाटली नसून दोनशे किलोमीटर लांबीची लोखंडी नळी आहे, ती समुद्राच्या तळाशी पडली आहे आणि तिच्यातले तेल थिजले आहे. तिला कोणत्या तपेलीत ठेवणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या देशातील खनिज तेलाच्या धंद्याला तो सुरुवातीपासून सतावत आला आहे. वर्गात या विषयावर बोलताना एका विद्यार्थ्याने सरळच विचारले होते, "सर, मेणामुळे तेल थिजते ना? मग एखादा विद्रावक घालून ते मेण आधीच काढून का टाकत नाहीत?" प्रश्न इतका साधा होता की त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईल असे वाटले. ते देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा विस्तार आहे.

मेण म्हणजे काय?

जमिनीतून निघणारे कच्चे तेल, म्हणजेच क्रूड, हा एक पदार्थ नव्हे. ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांपैकी काहींचे रेणू सरळ साखळीसारखे असतात. कार्बनच्या अणूला कार्बनचा अणू जोडलेला, कडेने हायड्रोजन. यांना नॉर्मल पॅराफिन म्हणतात. साखळी जितकी लांब, तितका पदार्थ लवकर गोठणारा. १६ कार्बनांची साखळी १८ अंश सेल्सिअसला वितळते, १८ कार्बनांची २८ अंशांना, २० कार्बनांची सुमारे ३७ अंशांना आणि ३० कार्बनांची सुमारे ६६ अंशांना. अठरा-वीस कार्बनांपासून चाळीस कार्बनांपर्यंतच्या या साखळ्या म्हणजेच आपले नेहमीचे पॅराफिन मेण. वीज गेल्यावर आपण जी मेणबत्ती लावतो ती याच मेणाची.

'पॅराफिन' हे नावही अर्थपूर्ण आहे. कार्ल रायखेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० साली लाकडाच्या डांबरातून हा पदार्थ वेगळा केला. आम्लाशी नाही, अल्कलीशी नाही, कोणाशीच त्याची पटकन क्रिया होईना. म्हणून 'ज्याला फारशी आपुलकी नाही असा' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्याला हे नाव मिळाले. या आपुलकीच्या अभावाचाच पुढे उद्योगाने उपयोग करून घेतला, हे आपण पाहणारच आहोत.

गरम तेलात हे मेण पूर्ण विरघळलेले असते. तेल थंड होऊ लागले की आधी सर्वांत लांब साखळ्या स्फटिकरूपाने बाहेर पडतात, मग त्याहून आखूड. हे स्फटिक पातळ पत्र्यांसारखे असतात. ते एकमेकांना टेकून, एकमेकांत अडकून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी करतात आणि उरलेले सर्व द्रव तेल त्या बंगल्याच्या खोल्यांत कोंडले जाते. येथे एक आश्चर्याची गोष्ट ध्यानात घ्यावी. सगळे तेल गोठावे लागत नाही. शेकडा दोन-तीन भाग मेण स्फटिकरूप झाले तरी बाकीचे सत्त्याण्णव भाग जागच्या जागी थांबतात. चिमूटभर चायना ग्रासने पातेलेभर दूध जसे धरून राहते, तसाच हा प्रकार.

तेल कोणत्या तापमानाला वाहणे थांबवते हे मोजण्याची रीत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. काचेच्या नळीत तेल घेऊन ते क्रमाक्रमाने थंड करतात आणि दर तीन अंशांनी नळी बाहेर काढून कलती करतात. नळी आडवी धरून पाच सेकंदांपर्यंत तेल जराही हलले नाही, तर त्या तापमानात तीन अंश मिळवून येणाऱ्या आकड्याला 'पोअर पॉइंट' म्हणतात. आपण त्याला थिजणबिंदू म्हणू.

आपल्या घरचे उदाहरण

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, 'सागर सम्राट' या जहाजावरून खोदलेल्या विहिरीला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले आणि मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेव्हाचे बॉम्बे हाय म्हणजे आजचे मुंबई हाय. आरंभी तेल जहाजांत भरून आणीत. १९७८ साली समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकण्यात आला, त्याची लांबी सुमारे दोनशे किलोमीटर.

मुंबई हायचे तेल गुणांनी चांगले. त्यात गंधक कमी, ते वजनाने हलके, त्यातून डिझेल-केरोसीन भरपूर निघते. पण त्यात मेणाचे प्रमाण शेकडा दहाहून अधिक आणि थिजणबिंदू सुमारे ३० अंश! म्हणजे हैदराबादच्या उन्हाळ्यात ते वाहील, पण दिवाळीनंतर वाहीलच असा भरवसा नाही. विहिरीतून बाहेर येताना ते गरम असते. समुद्राच्या तळाशी मात्र पाणी वीस-पंचवीस अंशांचे असते. नळातून वाहणारे तेल सतत थंड होत जाते. प्रवाह चालू आहे तोवर घुसळण चालू असते आणि पत्त्यांचा बंगला उभा राहू शकत नाही. पण काही कारणाने पंप बंद पडले, तेल दोन-तीन दिवस नळात निश्चल राहिले, तर? पुन्हा ते हलवायला इतका दाब लागेल की कदाचित नळच तो सोसणार नाही. शिवाय प्रवाह चालू असतानाही नळाच्या थंड भिंतीवर मेणाचा थर चढत राहतो आणि वाट अरुंद होत जाते ती निराळीच.

आसामची कथा याहून जुनी. नाहरकटिया येथून नूनमाटी आणि पुढे बरौनीपर्यंत अकराशे किलोमीटरहून लांब नळ १९६२ ते १९६४ या काळात सुरू झाला. तेथील तेलही मेणाचे, आणि आसाम-बिहारातला हिवाळा मुंबईपेक्षा कडक. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रात २००४ साली तेल सापडले. ते तर नेहमीच्या तापमानालाच जवळजवळ घट्ट होते. म्हणून तेथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरचा जो नळ टाकला, तो सगळा उष्णतारोधक आवरणात गुंडाळून विजेने तापता ठेवावा लागला. एवढ्या लांबीची तापती तेलवाहिनी जगात दुसरी नव्हती.

एक शब्द, दोन उलटी कामे

आता विद्रावकाकडे वळू. येथेच विद्यार्थ्यांचा पहिला गोंधळ होतो. 'विद्रावकाने मेण काढणे' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला अर्थ विहिरीवरचा. विहिरीच्या नळीत मेण साचले की ते काढावे लागते. कधी तारेला बांधलेले खरवडणीसारखे हत्यार आत सोडतात, कधी गरम तेल ओततात, आणि कधी टोल्यूईन किंवा झायलीन यांसारखा विद्रावक सोडून मेण विरघळवतात. येथे विद्रावकाचे काम मेणाला आपल्यात सामावून घेण्याचे. मेण तेलातून निघून जात नाही, ते विरघळून तेलाबरोबर वर येते एवढेच.

दुसरा अर्थ तेलशुद्धीकरण कारखान्यातला. तेथे असा विद्रावक हवा की जो तेलाला सामावून घेईल, पण मेणाला दाराबाहेर उभे करील. मेण स्फटिकरूपाने वेगळे पडावे, ते गाळून घ्यावे आणि उरलेल्या द्रवातून विद्रावक उडवून शुद्ध तेल मिळवावे. विलायती परिभाषेत यालाच 'सॉल्व्हंट डीवॅक्सिंग' म्हणतात.

एक छोटा प्रयोग केला तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. एका परीक्षानळीत दहा मिलिलिटर केरोसीन घ्या आणि त्यात मेणबत्तीचा एक ग्रॅम कीस टाका. नळी गरम पाण्यात धरा. मेण नाहीसे होऊन द्रावण स्वच्छ होईल. आता नळी बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवा. थोड्याच वेळात सगळे मिळून दह्यासारखे दिसू लागेल, आणि नळी तिरकी केली तरी हलणार नाही. हा झाला आपला थिजलेला समुद्रनळ! पुन्हा कोमट करून स्वच्छ द्रावण करा आणि या वेळी त्यात थोडे थोडे अॅसिटोन मिसळा. फारशी थंडी न देताच पांढरे मेण कणाकणाने खाली बसू लागेल आणि वरचा द्रव पातळच राहील. केरोसीनने मेणाला घरात घेतले, अॅसिटोनने त्याला बाहेर काढले. मात्र हा प्रयोग प्रयोगशाळेतच, अध्यापकांच्या देखरेखीखाली आणि फक्त गरम पाण्यावरच करावा. जवळपास ज्योत असता कामा नये. अॅसिटोनची वाफ लांबूनही पेट घेते.

दोन परीक्षकांचे मंडळ

कारखान्यात आज सर्वाधिक वापरात असलेली जोडी म्हणजे मिथिल एथिल कीटोन (थोडक्यात एम.ई.के.) आणि टोल्यूईन. एकाच विद्रावकावर का भागत नाही?

एम.ई.के. हा कडक परीक्षक आहे. सरळ साखळीच्या मेणाला तो थंड तापमानात मुळीच उत्तीर्ण करीत नाही. पण त्याचा कडकपणा इतका की फार थंडीत तो तेलालाही नापास करू लागतो, आणि तेल दुसऱ्या थराच्या रूपाने वेगळे होऊन मेणात मिसळते. टोल्यूईन हा उदार परीक्षक. त्याच्याकडे तेल पास, आणि बरेचसे मेणही पास. एकट्या टोल्यूईनवर विसंबले तर मेण बाहेर काढण्यासाठी फारच थंडी द्यावी लागते. दोघांचे मिळून मंडळ नेमले की निकाल योग्य लागतो. तेल सगळे आत, मेण सगळे बाहेर. तेल जड आहे की हलके यावर दोघांचे प्रमाण ठरते, पण बहुधा ते निम्मेनिम्मच्या आसपास राहते.

पूर्वी टोल्यूईनच्या जागी बेंझीन वापरत. पण बेंझीन स्वतःच साडेपाच अंशांना गोठते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या वाफेने रक्ताचा कर्करोग होतो. टोल्यूईन उणे ९५ अंशांपर्यंत द्रव राहते आणि तुलनेने कमी घातक आहे. म्हणून बेंझीन मागे पडले. कामगारांच्या प्राणांची किंमत रसायनशास्त्राला अशी उशिरा कळते, ही नोंदही येथे करून ठेवावीशी वाटते.

गंमत अशी की कीटोन आणि सुगंधी हायड्रोकार्बन यांची जोडी जमवून ही पद्धत प्रथम कारखान्यात आणली ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'इंडियन रिफायनिंग कंपनी' नावाच्या संस्थेने. नाव वाचून आपली छाती फुगायला नको. ही कंपनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली होती!

कारखान्यात काय घडते?

मोटारीच्या इंजिनात घालण्याचे वंगणतेल हे क्रूडच्या जड भागातून मिळते. साधे ऊर्ध्वपातन झाल्यावर जो गाळ उरतो, त्याचे निर्वात ऊर्ध्वपातन करून ३५० अंशांहून वर उकळणारे भाग वेगळे काढतात. त्यांतले नको असलेले सुगंधी घटक दुसऱ्या एका विद्रावकाने धुऊन टाकतात. पण जे मेण क्रूडमध्ये होते ते या भागात येऊन अधिकच दाटलेले असते. असे तेल इंजिनात घातले तर काश्मीरच्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना ते तळपात्रातच घट्ट बसून राहील, बेअरिंगांपर्यंत पोहोचणार नाही आणि इंजिन कोरडेच घासून निकामी होईल. म्हणून मेण काढणे येथे ऐच्छिक नाही.

त्याची रीत अशी. एक भाग तेलात दोन ते चार भाग विद्रावक मिसळून मिश्रण गरम करतात, म्हणजे मेणाचा कणही शिल्लक राहत नाही. मग ते एकात एक बसवलेल्या दुहेरी नळ्यांतून नेऊन थंड करतात. आतल्या नळीत मिश्रण आणि बाहेरच्या नळीत थंड द्रव. आतल्या नळीच्या भिंतीवर मेण लगेच चिकटते, म्हणून मधोमध एक दांडा फिरत असतो आणि त्याला जोडलेली पाती भिंत अखंड खरवडत राहतात. आपल्याकडे बासुंदी करताना कढईच्या कडा सतत उलथन्याने सोडवाव्या लागतात, नाहीतर साय धरते. तेच येथे यंत्र करते.

थंड करण्याची घाई करून चालत नाही. मिनिटाला एक-दोन अंश अशा बेताने तापमान उतरवले तर मेणाचे स्फटिक मोठे, सुटे आणि घट्ट होतात. घाई केली तर असंख्य बारीक स्फटिक होतात, ते गाळणीच्या कापडाची छिद्रे बुजवतात आणि आपल्या पोटात तेल धरून ठेवतात. खडीसाखर आणि पिठीसाखर यांत जो फरक, तोच हा. मिश्रण उणे वीस अंशांच्या आसपास, म्हणजे तेलाचा जो थिजणबिंदू हवा असेल त्याच्या काही अंश खाली नेतात.

पुढचे काम गाळणीचे. कापड गुंडाळलेले एक मोठे आडवे पिंप या थंड लगद्यात अर्धवट बुडून सावकाश फिरत असते. आतून हवा ओढून घेतलेली असल्याने द्रव कापडातून आत खेचला जातो आणि मेण बाहेर थराने बसते. पिंप वर येताच त्या थरावर थंड विद्रावकाची फवारणी होते, म्हणजे अडकलेले तेल धुऊन निघते. मग आतून वायूचा झोत थर सैल करतो आणि पाते तो कापडावरून उतरवून घेते. हे सर्व बंदिस्त कवचात आणि ऑक्सिजनविरहित निष्क्रिय वायूच्या पांघरुणाखाली चालते. एम.ई.के. शून्याखालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. त्या कवचात हवा शिरली आणि ठिणगी पडली तर काय होईल हे सांगायला नको.

शेवटी तेल आणि मेण या दोन्हींमधून विद्रावक उडवून परत मिळवतात. एम.ई.के. ८० अंशांना उकळते, टोल्यूईन १११ अंशांना, आणि तेल साडेतीनशेच्या वर. त्यामुळे वेगळे करणे सोपे. तोच विद्रावक पुन्हा पुन्हा फिरत राहतो. कारखान्याचा नफा-तोटा खरे तर येथे ठरतो, कारण विद्रावक महाग आणि तो पुन्हा थंड-गरम करण्याची ऊर्जा त्याहून महाग.

महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या माहुल येथील कारखान्यात चालत आले आहे. १९५४ साली स्टॅनव्हॅक (पुढची एस्सो) कंपनीने तेथे तेलशुद्धीकरण सुरू केले. १९६९ पासून शेजारीच ल्यूब इंडियाचा वंगणतेलाचा कारखाना सुरू झाला, आणि १९७४ साली या दोहोंची मिळून हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. मद्रासजवळ मनाली आणि बंगालात हल्दिया ही आणखी दोन केंद्रे. त्याही आधी, म्हणजे १९०१ पासून, आसामात दिगबोई येथे मेण काढले जात होते, पण विद्रावकाविना. तेल थंड करून कापडी दाबयंत्रांत पिळत आणि मेणाच्या वड्या मंद उबेत ठेवून त्यांतले तेल घामासारखे निथळू देत. दिगबोईलाही पुढे, २००३ साली, विद्रावकाचा विभाग आला.

मग क्रूडमधूनच का नाही?

आता आपण त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी परत येऊ. पद्धत हाती आहे, विद्रावक हाती आहेत, मग मुंबई हायच्या तेलातले मेण उरणला येण्यापूर्वीच का काढू नये? थोडे गणित करू.

समजा, दिवसाला १०,००० टन क्रूड आहे. तिप्पट विद्रावक म्हणजे ३०,००० टन. एकूण ४०,००० टन मिश्रण ५० अंशांवरून उणे २० अंशांवर, म्हणजे ७० अंशांनी उतरवायचे. या द्रवांची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे निम्मी धरली, तर दर किलोमागे ३५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते आणि एकूण १४० कोटी किलोकॅलरी. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे हे काम बर्फाने करायचे म्हटले तर रोज साडेसतरा हजार टन बर्फ लागेल! बाहेर पडणाऱ्या थंड द्रवाने आत येणारा गरम द्रव थंड करून यातला मोठा भाग वाचवता येईल हे खरे. पण निम्मा वाचला तरी उरलेला निम्मा समुद्रातल्या फलाटावर आणायचा कोठून? विद्रावकाचा हजारात एक भाग जरी वाया गेला, तरी रोजचे तीस टन गेले.

पण ही अडचण पैशाची झाली. खरी अडचण त्याहून मूलभूत आहे. वंगणतेलातून विद्रावक सहज परत मिळतो, कारण दोघांच्या उत्कलनबिंदूंत शेकडो अंशांचे अंतर असते. क्रूडमध्ये मात्र पेट्रोल आणि नॅफ्थाचे असंख्य घटक आहेत, आणि ते उकळतात नेमके ८० ते ११० अंशांच्या आसपास. टोल्यूईन तर क्रूडमध्ये मुळातच असते. मग मिसळलेला विद्रावक कोणता आणि मूळचे पेट्रोल कोणते, हे ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याने ओळखायचे कसे? दुधात मिसळलेले पाणी काढून घेण्याची पैज लावण्यासारखेच ते आहे.

तिसरी गोष्ट, मेण म्हणजे कचरा नव्हे. सरळ साखळीचे हायड्रोकार्बन डिझेल इंजिनात उत्तम पेट घेतात आणि जड मेणाच्या साखळ्या तोडून पेट्रोल-डिझेल करता येते. ते समुद्रातच काढून टाकणे म्हणजे उसाचा रस वाहून नेणे जड जाते म्हणून साखर फेकून देण्यासारखे होईल.

म्हणून क्रूडच्या बाबतीत मेण काढत नाहीत, त्याला वळण लावतात. आसामात तेल नव्वद अंशांच्या वर तापवून ठरावीक गतीने थंड करीत. त्यामुळे स्फटिकांचा आकार बदलतो आणि ते एकमेकांत गुंतत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे दशलक्ष भागांत काही शे भाग इतक्या अल्प प्रमाणात बहुवारिके मिसळणे. त्यांची एक बाजू मेणासारखी असते, ती स्फटिकात शिरून बसते. दुसरी बाजू परकी असते, ती शेजारच्या स्फटिकाला जवळ येऊ देत नाही. मेण जितके होते तितकेच राहते, पण बंगला उभा राहत नाही. आणि भिंतीवर चढलेला थर काढण्यासाठी नळातून ठरावीक दिवसांनी घट्ट बसणारा गोळा सोडतात. तेलाच्या दाबाने तो पुढे सरकत मेण खरवडत जातो.

क्रूडमधले मेण विद्रावकाने खरोखर काढतात ते एकाच ठिकाणी, प्रयोगशाळेत. तेलात मेण शेकडा किती हे मोजायचे असते तेव्हा काही ग्रॅम तेल घेऊन, थंडीत अॅसिटोनच्या साहाय्याने मेण खाली बसवून, गाळून वजन करतात. जे दहा ग्रॅमला परवडते ते दहा हजार टनांना परवडत नाही. प्रयोगशाळा आणि कारखाना यांतले हे अंतर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सदैव ध्यानात ठेवावे.

आपल्या शहरापर्यंत

हैदराबादकरांना वाटेल की समुद्रातल्या तेलाशी आपला काय संबंध? आपल्याकडे येते ते विशाखापट्टणहून नळाने सिकंदराबादेस पोहोचणारे तयार डिझेल-पेट्रोल. पण त्या डिझेललाही थिजणबिंदूचा नियम आहेच. भारतीय मानकानुसार तो उन्हाळ्यात १५ अंशांहून आणि हिवाळ्यात ३ अंशांहून अधिक असता कामा नये. लडाखमध्ये तेवढ्याने भागत नाही. तेथील सैनिकांच्या आणि नागरिकांच्या गाड्यांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल आणले. त्यापूर्वी चालक डिझेलमध्ये केरोसीन मिसळून वेळ निभावत.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर ते स्वयंपाकघरात आहे. तांदळाच्या कोंड्यापासून काढलेल्या तेलातही नैसर्गिक मेण असते. ते न काढल्यास थंडीत तेल गढूळ दिसते. हे मेण रासायनिक दृष्ट्या निराळे, पण ते काढण्याची रीत ओळखीची. सावकाश थंड करायचे, स्फटिक वाढू द्यायचे, गाळायचे. या तेलाच्या शुद्धीकरणावर आपल्याच शहरातल्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत वर्षानुवर्षे संशोधन झालेले आहे. निजामी राजवटीत १९४४ साली सुरू झालेली ही प्रयोगशाळा १९५६ पासून पुढे प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून तार्नाक्यावर सर्वांना परिचित होती.

आता काळ पुन्हा बदलतो आहे. मेण गाळून काढण्याऐवजी उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याची सरळ साखळी वाकवून तिला फांद्या फोडायच्या, म्हणजे तेच मेण न थिजणारे तेल बनते, ही पद्धत आली आहे. या शतकाच्या सुरुवातीला ती हल्दियालाही आली. तेल चांगले मिळते, विद्रावकाचा धोका नाही, थंडीचा खर्च नाही. पण एक गोष्ट नाहीशी होते, ती म्हणजे मेण. जगभर विद्रावकांचे जुने कारखाने जसजसे बंद होत आहेत, तसतसे मेणही दुर्मीळ होत चालले आहे, आणि मेणबत्ती, आगपेटी, मेणकापड करणाऱ्या छोट्या धंद्यांना ते आयात करून घ्यावे लागते. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल असतो, आणि पहिल्याने सुधारणा केली की दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो, हा उद्योगाच्या जगातला कटू नियम येथेही दिसतो.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायचे तर ते असे द्यावे लागेल : मेण काढता येते, पण कोठे काढावे, कोठे नुसते वळवावे आणि कोठे तसेच राहू द्यावे, हे रसायनशास्त्राइतकेच हिशेबाने ठरते. पुढच्या जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवाल, तेव्हा तेल पुन्हा वाहू लागेपर्यंतची पाच मिनिटे या हिशेबाचा विचार करायला पुरेशी आहेत.